फोन बंद पडला आणि वारीची चव गेली

आठवा_मैल · गुरुवार, रात्री ११:४०

मंडळी, इथे बरीच वर्षं नुसता वाचत असतो, धागा पहिलाच काढतोय. आज दुपारी पंढरपूरहून एसटीनं घरी आलो. पाय सुजलेत, झोप येत नाही, म्हणून लिहायला बसलो.

माउलींच्या पालखीबरोबर चालायचं माझं हे सातवं वर्ष. पहिली दोन वर्षं आळंदी ते सासवड एवढंच, पुढची पाच पूर्ण. वय ५१, बँकेत नोकरी, राहायला पुण्यात. आमच्या घरात वारी नाही. वडील देव मानायचे, पण देवळाबाहेर सगळ्यांच्या चपला सांभाळत उभे राहण्याइतकाच. मी दिंडीला लागलो तो एका सहकाऱ्याच्या नादानं आणि टिकलो स्वतःच्या हौसेनं. हौस हा शब्द मुद्दाम वापरतोय.

यंदा दिवे घाटात असा पाऊस लागला की प्लास्टिकच्या कागदाचाही उपयोग झाला नाही. घाटमाथ्यावर येऊन फोन काढला तर पडदा काळा. सासवडच्या तळावर आमच्या आचाऱ्याच्या तांदळाच्या पोत्यात खुपसून ठेवला. त्यानं रात्री मला उठवून तो हातात परत दिला आणि म्हणाला, "माउली, हा उद्याचा भात आहे." फोन गेला तो गेलाच.

जेजुरीला पालखीवर भंडारा उधळला, रस्ता पिवळा झाला. माझा हात खिशाकडे गेला आणि रिकामा परत आला. तेव्हा नुसती चुटपुट लागली. पण पुढे तरडगावच्या अलीकडे, चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला अगदी पुढची जागा मिळाली. अश्व हातभर अंतरावरून गेला. आजूबाजूचे लोक टापांखालची माती कपाळाला लावायला वाकले. मी ताठ उभा. आणि मनात पहिला शब्द उमटला तो असा : "वाया गेलं."

कशाचं वाया गेलं? मी तिथे होतो, घोडा होता, माउलींच्या पादुका मागे रथात होत्या. वाया गेलं ते एवढंच की कुणाला दिसलं नाही.

त्यानंतर वाखरीपर्यंत मी स्वतःवर पाळत ठेवून चाललो. हिशोब मांडला तो असा निघाला. रोज रात्री मी स्टेटस कुणी कुणी पाहिलं याची यादी बघायचो. त्यात माझ्या मेव्हण्याचं नाव आहे का ते आधी शोधायचो, कारण लग्नानंतरची वीस वर्षं त्यानं मला 'नास्तिक जावई' म्हणून हिणवलंय. बँकेत मला सगळे 'माउली' म्हणतात आणि आषाढात रजेचा अर्ज कुणी अडवत नाही. सोसायटीच्या बैठकीत माझ्या बोलण्याला वजन आलं ते वारीनंतर. आणि मुलीच्या लग्नाच्या माहितीपत्रकात 'कुटुंब वारकरी, सात्त्विक' हे वाक्य मी माझ्या हातानं टाइप केलंय. सात्त्विक!

चालताना डोक्यात अभंग कमी आणि फोटोखाली काय लिहायचं तेच जास्त चालू असायचं, हे फोन गेल्यावर कळलं. पुढच्या वर्षी जावं की नाही? की एक वर्ष थांबावं? उपदेश केलात तरी चालेल, फक्त 'तुम्ही फार प्रामाणिक आहात' असं लिहू नका. त्याचीही गोडी लागते.

ताकभात · गुरुवार, रात्री ११:५८

तुम्ही फार प्रामा... बरं, नाही लिहीत.

मी कार्तिकात काकड्याला जाते. पहाटे पावणेपाचला समईचा फोटो टाकते, 'शुभ सकाळ' लिहिते, घरी येऊन साडेआठपर्यंत झोपते. फोटो पाहणाऱ्यांना वाटतं ही बाई पहाटेपासून जागी आहे. पुढचं चर्चेला येऊ देत, वाचतेय.

कोरडेठाक · शुक्रवार, सकाळी ७:१०

धागाकर्ते, तुम्हाला जे सातव्या वर्षी कळलं ते रस्त्याच्या कडेला उभं राहणाऱ्याला पहिल्या दिवशी कळतं. पुण्यात पालखी येते तेव्हा दोन दिवस मी घरून काम करतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण माझ्या हापिसातले लोक पांढरे सदरे घालून, कपाळाला बुक्का लावून दिवे घाटात जातात, ड्रोनखाली फुगडी घालतात आणि सोमवारी हजर. त्यातल्या एकालाही मी हरिपाठाचा पहिला अभंग म्हणताना ऐकलेलं नाही.

श्रद्धा असेल तर घरात बसून करता येते. रस्ता लागतो तो प्रेक्षक हवा असतो म्हणून.

टाळकरी_परभणी · शुक्रवार, सकाळी ९:२५

रामकृष्णहरी. आमची दिंडी माउलींच्या रथामागं चालती. माझ्या वडलानं चालवली, आता मी बघतो. म्हणजे वीणा नाही हो, हिशोब. टँकर, ट्रक, राहुट्या, भिशी म्हणजे दिंडीच्या जेवणाखाण्याची वर्गणी.

कोरडेठाक भाऊ, घरात बसून करता येती हे खरं. मग चालायचं कशाला म्हणता, तर वारी ही एकट्याची गोष्टच नाही. आमच्याकडं नवीन माणूस आला की तीन गोष्टी विचारतो. चालणं होईल का, टाळ धरता येतो का, भिशी भरली का. तू कशासाठी आलास हे मी आजपर्यंत कुणाला विचारलं नाही. विचारलं तर निम्मी दिंडी रिकामी व्हईल आणि पहिला मीच बाहेर.

कोण नवसाचं येतं. कोण कोर्टाची तारीख चुकवायला येतं. एक जण दारू सोडायला आला होता, तो नऊ वर्षं झाली येतोय, दारू चालूच आहे, पण वीस दिवस बंद असती. पाऊस लांबला, पेरणी राहिली की आमच्याकडली माणसं कमी होतात. म्हणजे देवाआधी रान. त्यात लपवायचं काय आहे.

आठवा मैल साहेब, तुमच्या फोटोचं एवढं मनाला लावून घेऊ नका. माझं सांगतो. रथाच्या पुढं २७ दिंड्या आहेत, मागं कितीतरी. मागच्या दिंडीच्या माणसाला पुढच्याचा हेवा वाटत नाही असं तुम्हाला वाटतं का? नंबरावरनं, जागेवरनं भांडणं झालेली मी बघितलीत. ती टाळ हातात घेऊनच होतात.

रानजाई · शुक्रवार, दुपारी १:०५

दादा, 'वीस दिवस बंद असते' हे वाक्य घेऊन ठेवलं.

माझ्या सासूबाई लातूरकडच्या. चौदा वर्षं वारी केली, डोक्यावर तुळस घेऊन. गावात त्यांच्या भक्तीचं फार कौतुक. गुडघे गेल्यावर वारी थांबली, तेव्हा एकदा भाजी निवडताना मी विचारलं, आई, आता हुरहुर लागत असेल ना विठोबाची? त्या म्हणाल्या, "विठोबाची कशाला, तो काय पळून चाललाय? तिथं कुणी मला उठवत नव्हतं. मीच उठायची."

मी तेव्हा हसले. नंतर लक्षात आलं की वयाच्या सोळाव्या वर्षापासून त्यांना रोज पहाटे कुणीतरी हाक मारून उठवत आलंय. सासू, नवरा, मूल, गुरं. वारीत त्या स्वतःहून तीनला उठून आंघोळीच्या रांगेला लागायच्या. भाकरी तिथेही थापायच्याच, पण पन्नास बायकांबरोबर, गाणी म्हणत.

आता ही भक्ती म्हणायची की सुट्टी? बाईला घराबाहेर पडायला दुसरं कुठलं कारण घरानं मान्य केलं असतं? महाबळेश्वरला जाते म्हणाल्या असत्या तर? पुरुषांना हेतू तपासायची चैन परवडते, एवढंच म्हणते. रागावू नका.

आठवा_मैल · शुक्रवार, दुपारी १:४०

रागावलो नाही. पण सासूबाईंना जे हवं होतं ते वारीच देत होती. मला जे हवं होतं ते मेव्हणा देत होता. फरक आहे.

अवांतरपंत · शुक्रवार, दुपारी ३:१५

अवांतर आहे, आधीच माफी.

आमच्या गावच्या देवळाला नवीन पायऱ्या केल्या. प्रत्येक पायरीवर देणगीदाराचं नाव, गाव, रक्कम कोरलेली. आता लोक त्या नावांवर पाय पडू नये म्हणून कडेकडेनं चढतात. एक आजी पडल्या. पंढरपुरात नामदेवांनी महाद्वाराची पायरी मागितली ती संतांचे पाय लागावेत म्हणून, आणि आमच्याकडे पायरी मागितली ती नाव लागावं म्हणून. आणि तिथे नामदेव पायरीवर कुणी पाय ठेवत नाही, आमच्या पायरीवरही कुणी ठेवत नाही. परिणाम सारखाच, बघा.

घंटेवर नाव, पंख्यावर नाव. पंखा सुरू केला की नाव दिसत नाही म्हणून उन्हाळ्यात पंखा बंद ठेवणारा देणगीदार मात्र अजून पाहिला नाही. सापडला तर कळवतो.

पारनाका · शुक्रवार, रात्री ८:५०

मी वसईचा, ख्रिस्ती. वारीबद्दल बोलायचा अधिकार नाही, पण शीर्षक वाचून राहवलं नाही.

आमचा उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो. त्या दिवशीचं शुभवर्तमान ठरलेलं आहे, मत्तयचा सहावा अध्याय. दान करताना डाव्या हाताला कळू देऊ नकोस, प्रार्थना दार लावून कर, उपवास करशील तेव्हा तोंड धू आणि डोक्याला तेल लाव म्हणजे लोकांना कळणार नाही. हे वाचून होतं, फादर त्यावर प्रवचन करतात, आणि मग आम्ही रांगेत उभे राहून कपाळावर राख लावून घेतो. सगळ्यांना दिसेल अशी!

लहानपणी मला हा निव्वळ गोंधळ वाटायचा. आजोबांना विचारलं तर म्हणाले, "राख लावून लोकलनं चर्चगेटला जा, मग सांग." मोठा झाल्यावर गेलो. आमच्या आळीत राख लावून फिरणं सोपं, सगळेच लावतात, न लावलेलाच उठून दिसतो. डब्यात मात्र तीन जणांनी सांगितलं की कपाळाला काहीतरी लागलंय, पुसा. एकानं रुमाल काढून दिला. दिखावा कशाला म्हणायचं ते समोर कोण आहे यावरही ठरतं, असं तेव्हापासून वाटत आलंय.

आठवा मैल, तुमचा मेव्हणा आणि तुमची बँक ही तुमची आळी. तिथे वारीला भाव आहे.

कोरडेठाक · शुक्रवार, रात्री ९:३०

पारनाका, प्रतिसाद आवडला. मला इतका वेळ जे म्हणायचं होतं ते तुम्ही न चिडता म्हणालात.

पण मग भाव ठरवतं कोण? आषाढीला पहाटे मुख्यमंत्री सपत्नीक महापूजा करतात, वाहिन्यांवर थेट दिसते. विठ्ठलापुढे कॅमेऱ्याची सोय सरकारीच असेल तर बिचाऱ्या बँकवाल्याच्या स्टेटसनं काय घोडं मारलंय?

टाळकरी_परभणी · शुक्रवार, रात्री १०:०५

त्या पूजेला रांगेतलं एक जोडपं पण असतं भाऊ. मानाचे वारकरी. रात्रभर रांगेत उभी राहिलेली माणसं, अंगावरचे कपडे ओले, त्यांना एकदम आत घेतात आणि मुख्यमंत्र्याशेजारी बसवतात. वर एसटीचा वर्षाचा मोफत पास. त्यातल्या बाईचं तोंड बघा कधी थेट प्रक्षेपणात. तिचं ध्यान मंत्र्याकडं नसतं न् कॅमेऱ्याकडं पण नसतं.

बाकी राजकारणावर मी बोलत नाही. आमच्या ट्रकवर पण आमदाराचा फोटो आहे, डिझेल तो देतो.

निवृत्त_मास्तर · शुक्रवार, रात्री १०:४०

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अमानित्वाच्या (मानाची हाव नसणं) पाठोपाठ अदंभित्व (दिखावा नसणं) येतं. ज्ञानेश्वरांनी ते समजावताना दिलेले दाखले पाहण्यासारखे आहेत. लोभी माणूस जीव गेला तरी पुरलेल्या धनाची जागा सांगत नाही. श्रीमंत माणूस रानात सापडला तर श्रीमंती लपवतो. शेतकरी पेरलेलं बी मातीनं झाकतो. खट्याळ गाय आलेला पान्हा चोरते. इतकंच काय, वेश्या वय लपवते तोही दाखला आहे. पुण्य झाकायचं कसं हे सांगायला माउलींनी शेतकरी आणि अंग झाकणारी कुळवधू यांच्या पंक्तीला लोभी, गणिका, खट्याळ गाय अशी नाठाळ मंडळीही बसवली. नुसते सज्जनांचे दाखले त्यांना का पुरले नसावेत, याचा विचार मी चाळीस वर्षं वर्गात मुलांना करायला लावला. स्वतःला समाधानकारक उत्तर मिळालेलं नाही.

मात्र शेतकऱ्याच्या दाखल्याकडे लक्ष द्या. बी झाकायचं ते कुणाला कळू नये म्हणून नव्हे. उघडं राहिलं तर पाखरं टिपतात. धागाकर्त्यांच्या बाबतीत पाखरं कोण ते त्यांनीच सांगितलं आहे.

सिंगापुरी_चिवडा · शनिवार, सकाळी ६:२०

छान चर्चा. पुढच्या वर्षी जूनअखेर भारतात आहे. फक्त शनिवार-रविवार दिवे घाटाचा टप्पा करायचा असेल तर नोंदणी कुठे करावी? मुलांना अनुभव द्यायचा आहे. स्वच्छतागृहांची सोय कशी असते?

ताकभात · शनिवार, सकाळी ८:०२

@सिंगापुरी_चिवडा, वरचे प्रतिसाद वाचलेत का हो? 🙂 असो. आयटी दिंडीची चौकशी करा, नोकरीवाले बरेच जण तिच्यातून एक-दोन दिवस चालतात. तिथी आधी बघा, वारी कधी जूनमध्ये येते, कधी जुलैमध्ये. फिरती शौचालयं असतात, पण पहाटे लवकर उठा.

दुपारचा_चहा · शनिवार, दुपारी ४:१०

२०२० ची आठवण कुणीच काढली नाही म्हणून लिहितो. त्या वर्षी पायी वारी झाली नाही. पादुका दशमीला एसटीनं पंढरपूरला गेल्या, मोजकी माणसं बरोबर. आषाढी १ जुलैला होती.

माझे वडील तेव्हा ७३. तीस वर्षांची वारी चुकणार म्हणून आधी दोन दिवस जेवले नाहीत. मग पालखीच्या प्रस्थानाच्या दिवसापासून इमारतीच्या गच्चीवर चालायला लागले. गच्चीची एक फेरी किती पावलांची ते मोजून त्या दिवशीच्या टप्प्याचं अंतर भागलं आणि तेवढ्या फेऱ्या. सगळ्या काही झाल्या नाहीत, पण पहाटे दोन तास, संध्याकाळी दोन तास. गळ्यात टाळ, पण वाजवायचे नाहीत, खालचे लोक झोपलेले असतात म्हणून. जेजुरीच्या दिवशी आईकडून हळद मागून घेतली.

मला भरून आलं. मी टाकीच्या आडून व्हिडिओ काढला आणि नातेवाइकांच्या गटावर टाकला. शंभर हात जोडलेले, फुलं, डोळ्यात पाणी. वडिलांना संध्याकाळी आत्याचा फोन आला, कौतुक करायला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गच्चीवर जाणं बंद केलं. उरलेले दिवस घरातल्या घरात, पलंग ते दार. का बंद केलं ते सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

गेल्या वर्षी गेले. तो व्हिडिओ माझ्याकडे आहे. उघडवत नाही आणि पुसवतही नाही.

रानजाई · शनिवार, दुपारी ४:३५

काय लिहू.

आठवा_मैल · शनिवार, रात्री ९:१५

दुपारचा_चहा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि फोन (नवीन घेतलाय, साधा, बटणांचा) बाजूला ठेवून गॅलरीत जाऊन आलो.

मास्तर, पाखरं मीच बोलावली होती हो. दाणे मीच टाकत होतो.

टाळकरी दादा, तुम्ही 'मनाला लावून घेऊ नका' म्हणालात, त्यानं बरं वाटलं आणि तेवढ्यासाठीच ते मला पटत नाही. दिंडीनं हेतू विचारू नये हे बरोबर. पण मी स्वतःला विचारू नये का? थोडं कठोर बोला.

टाळकरी_परभणी · रविवार, पहाटे ५:००

कठोर बोलायला मी कोण. पण एक काम सांगतो.

आज पौर्णिमा. गोपाळपूरचा काला झाला की माउली परत निघतील. जाताना अठरा-एकोणीस दिवस लागतात, येताना दहा. म्हणजे रोजचं चालणं दांडगं. परतवारीला टीव्हीवाले नसतात, चौकाचौकात चहा-बिस्कीटवाले नसतात, पाय चेपून देणारी मंडळं नसतात. जाताना ज्या गावानं रांगोळ्या काढल्या तिथं येताना लोक आपापल्या कामात असतात. वद्य दशमीला आळंदी. तुम्हाला रजा नसंल तर बुधवारी रात्री फलटण गाठा, तीन दिवस चाला, सासवडला सोडा. जमलं तर करा, नाही तर राहू द्या.

कोरडेठाक · रविवार, सकाळी ११:२०

परतवारी असते हेच मला माहीत नव्हतं. जन्म पुण्यात गेला.

अवांतरपंत · शुक्रवार, सकाळी १०:००

धागाकर्ते गप्प आहेत म्हणजे गेले वाटतं. दरम्यान एक अवांतर : आमच्या पायऱ्यांवर आता रबरी चटया टाकल्यात. चटईवर चटई देणाऱ्याचं नाव आहे.

आठवा_मैल · रविवार, रात्री १०:३०

गेलो होतो. फलटण ते सासवड, तीन दिवस. काल रात्री घरी आलो.

जाताना रथ नजरेला पडायला तासभर थांबावं लागतं, आता रथाला हात लावून चालता येत होतं. पाऊस उघडझाप. वाल्ह्याच्या अलीकडे एका टपरीवाल्यानं विचारलं, "कुठली पालखी?" पंधरा-वीस दिवसांपूर्वी त्याच टपरीसमोरून लाखो लोक गेलेत. जेवण डब्यातलं, नाहीतर दिंडीबरोबर पिठलं-भात. समाजआरतीला चोपदारानं चोप उंचावून 'होऽऽ' केलं की जाताना लाखोंचा तळ एकदम गप्प होतो, अंगावर काटा येतो. इथे माणसं थोडी, तळ आधीच शांत. रात्री अंथरुणावर पडल्यावर बैलांच्या घंटा ऐकू येत होत्या.

पहिला दिवस फार बरा गेला. खिशात बटणांचा फोन. डोक्यात कुठल्याही फोटोखालची ओळ नाही. मनात म्हटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी, नीरा नदीचा पूल ओलांडल्यावर लक्षात आलं की मी हा प्रतिसाद रचतोय. टपरीवाल्याचं 'कुठली पालखी' ऐकल्याबरोबर मी मनात टिपून ठेवलं होतं, हे धाग्यावर छान बसेल म्हणून. मेव्हणा गेला आणि तुम्ही आलात. शिवाय 'जाताना काय, कुणीही जातं, आम्ही परतवारीवाले' अशी एक ताठ मान तीन दिवसांत आलीच होती, आणि ती माझ्या एकट्याची नव्हती हेही सांगून टाकतो. राहुटीत तेच बोलणं चालायचं.

एक प्रसंग मात्र रचून ठेवला नव्हता, आत्ता लिहिताना आठवतोय. सासवडच्या अलीकडे हिंगोलीकडचे एक आजोबा बरोबर चालत होते. इतक्या लांबचे तुम्ही, पंढरपूरहून थेट घरी का नाही गेलात, असं विचारलं. "माउलींना घरी पोचवायला नको का?" लेकीला रात्री सोडायला जावं इतक्या सहज म्हणाले. मग माझा फोन मागितला, नंबर पाठ होता. मुलाला लावला. "सोयाबीन वर आलं का? किती पानांवर आहे? बांधाकडचं?" चार-पाच मिनिटं तेवढंच. आपण कुठे आहोत, पाय कसे आहेत, काहीच नाही. मुलानंही विचारलं नाही. फोन परत देताना स्क्रीन धोतराला पुसून दिला.

पुढच्या वर्षीची भिशी मात्र मी भरून आलोय. जुन्या दिंडीत, जाताना. फोन कुठला न्यायचा ते ठरलेलं नाही. मुलीच्या पत्रकातलं 'सात्त्विक' काढलं. 'वारकरी' ठेवलंय, बायको म्हणाली राहू दे.

निवृत्त_मास्तर · रविवार, रात्री ११:०५

प्रतिसाद रचत होतात ते बरंच झालं, नाहीतर आम्हाला वाचायला मिळाला नसता.

कोरडेठाक · सोमवार, सकाळी ७:३०

आज पालखी पुण्यात असेल ना परतीची? हापिसला जाताना बघतो. लांबूनच.

टाळकरी_परभणी · सोमवार, सकाळी ९:००

त्या हिंगोलीच्या बाबांचं सोयाबीन वर आलं का पण? ते सांगितलंच नाही तुम्ही.

आठवा_मैल · सोमवार, सकाळी ९:२०

आलंय. पण बांधाकडच्या दोन ओळींत गोगलगायी लागल्यात म्हणे, कोंब खातात. आजोबा त्यावरच काळजीत होते. पोराला काहीतरी फवार म्हणत होते.

टाळकरी_परभणी · सोमवार, सकाळी ९:४५

फवारून नाही जात त्या. नंबर असंल तुमच्या फोनात, लावा आणि पोराला सांगा, गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी बांधाच्या कडंनं अंथरायचं. रात्रीतनं खाली गोळा होतात. सकाळी ऊन व्हायच्या आत उचलून मिठाच्या पाण्यात टाकायच्या. हातात पिशवी बांधून घ्या म्हणा, उघड्या हातानं नको. आमच्या रानात पण हेच चालू आहे आठ दिवसांपासनं.